बुटकी फटफटी

सोलापूर, ता. ९ डिसेंबर १९३४

तीर्थरूप तात्यांच्या पायांवर कुंडलिकाचं डोकं.

मी खुशाल हाय. आणि मला फटफटी मिळाली! गावोगाव विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करत हिंडावं लागतं, म्हणून सिद्रामप्पा शेठ म्हणाले, "फटफटीच्या दुकानात दोन हायत, तुला आवडंल ती आण."

एक लाल, उंच, लई पळणारी. दुसरी काळी, बुटकी, म्हशीसारखी रुंद. आधी लालच मनात भरली की! पण पहिल्याच वळणावर तिनं मला खाली उतरवलं. कोपर आता बरं हाय, एवढं आईला वाचून दाखवू नका.

मग तुमची आठवण झाली. बैल घेताना तुमी त्याला पळवून बघत नव्हता, उभा कसा राहतो ते बघत बसायचा. काळीचं इंजिन चालू असताना ती भुईला चिकटल्यागत उभी होती. तीच घेतली!

संक्रांतीला नातेपुत्याला तिच्यावरच येतो. नव्या बैलाच्या पायांवर घालते तसं आईनं चाकांवर पाणी घालावं.

तुमच्या उजव्या, लकव्याच्या पायाला आई रोज तेल चोळती का? थोडा तरी उचलतो का? रानातला शाळू पोटरीत आला असंल, संक्रांतीला बघायला तुमीच चला.

दुकानात काळीच्या मागच्या गादीवर मी बसून बघितलं. उजवा पाय हातानं धरून उचलला, तर अलगद पलीकडं गेला. दुकानदार म्हणाला, "पायाला काय झालं?"

म्हटलं, "हा माझा न्हाय, माझ्या वडलांचा पाय हाय."

तुमचं लेकरू,
कुंडलिक