खिळ्यावरचे बिल्ले

२ जानेवारी
नवे बिल्ले आले. छातीवर लावायचे, अंगाला किती किरण लागले ते त्यात उमटतं, तीन महिन्यांनी मोजायला पाठवायचे. आम्ही काय केलं? दरवेळचंच! डॉक्टर, सिस्टर, डार्करूमवाला, मी—चौघांचे बिल्ले रिसेप्शनच्या खिळ्यावर. रीडिंग जास्त आलं की चौकशी, मशीनला सील. "खिळ्याला कॅन्सर होत नाही," म्हणे डार्करूमवाला. हसलो सगळे.

५ जानेवारी
झालं एकदाचं! धाकटी बहीण उद्यापासून रिसेप्शनवर. पेशंट धरायला आत येणार नाही. मीच डॉक्टरांपुढे अडून बसले—पोटुशी बाई एक्स-रेच्या खोलीत नको म्हणजे नको. दोनदा पडलंय तिचं. "ताई, उगाच बाऊ करतेस," म्हणाली. म्हणू दे. मशीन मी चालवते.

१३ जानेवारी
आत जागा पुरेना. छाती टेकवायचा स्टँड रिसेप्शनकडच्या भिंतीला सरकवला. आता किरण त्या भिंतीवरच. "किरण अडवायला हिच्यात शिसं आहे ना?" विचारलं. डॉक्टर म्हणाले, "आहे हो, बांधतानाच घातलंय." बरं. पेशंट ताटकळले होते, मी पुन्हा विचारलं नाही.

१९ फेब्रुवारी
पुन्हा फिल्म धुरकट! कोरी धुतली तरी राखाडी. डार्करूमवाल्याला चांगलं झाडलं—दार नीट लावत नाहीस! तो तोंड पाडून म्हणतो, "बाई, फिल्मचा डबाच तसा निघतो." ठेवतोस कुठे? तर धाकटीच्या टेबलाखाली, आत जागा नाही म्हणून. म्हणजे दुकानदारच भिकार माल देतोय. उद्या त्याची खरडपट्टी काढते.

१६ मार्च
खोकल्याची साथ. आज छातीचे सदतीस! पाय गेले कामातून.
जेवताना धाकटीने माझा हात ओढून पोटावर ठेवला. हालतंय! मी काही रडूबाई नाही, पण रडले. ती हसत बसली. तिला म्हटलं, या खुर्चीवरून आता हलायचं नाही, पेलाभर पाणी लागलं तरी मला हाक मार.

३ एप्रिल
बिल्ले खिळ्यावरून काढले, पाठवले.

१४ मे
रिपोर्ट आला. चारही बिल्ले मर्यादेबाहेर, आणि चौघांचं रीडिंग जवळपास सारखं! डॉक्टर लालबुंद—"कोण खेळ करतंय?" मला हसूच फुटलं. अहो, तीन महिने एकही बिल्ला कुणाच्या अंगाला लागला नाही, मोजणाऱ्यांचंच चुकलं असणार! उद्या तपासायला माणूस येतोय. "छातीवरच लावत होतो म्हणा सगळे," डॉक्टरांनी बजावलं. हो म्हटलं.
मग घरी कपडे वाळत घालताना एकदम मनात आलं. खिळा कुठल्या भिंतीवर आहे?

१५ मे
खोटं बोलले नाही. जीभच रेटेना. डॉक्टर डोळे वटारत होते, वटारू देत. खिळा दाखवला.
माणसाने भिंत ठोकली—पोकळ. नुसतं प्लायवूड. मग धाकटीला बाहेर काढून किरण मोजायचं यंत्र तिच्या खुर्चीवर ठेवलं, मला म्हणाला, आत जाऊन बटण दाबा. दाबलं. बाहेर येऊन काटा पाहिला.
धाकटी दारात पोटावर हात ठेवून उभी. काळजीने विचारतेय, "ताई, किती आलं गं? तुला काही होणार नाही ना?"