मोजून मारलेली गाठ

सान हसिंतो, १४ मार्च

प्रिय एर्मिनियाताई,

तुला नमस्कार. माझे गुडघे कुरकुरतात, कोंबड्या मजेत. एकोणीस वर्षांनी पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. उलट आमची सित्लाली जिंकली!

माझी ही नात कॉम्प्युटरचं काम करते. इथल्या कोर्टाच्या फायली आता कॉम्प्युटरात ठेवायच्यात. एकेक पान घेऊन अख्खी फाइल जपायची, त्यासाठी बाकीच्या प्रोग्रामरनी कोणते हुकूम वापरायचे ते हिने ठरवायचं. महिनाभर डोकं धरून बसली होती. म्हणाली, "आजी, जुन्या पद्धतीत पहिल्या पानाला एक हुकूम, मधल्यांना दुसरा, शेवटच्याला तिसरा. एक चुकला की फाइल बाद."

मी मक्याच्या पानांत जेवणाचे तमाल गुंडाळत होते. म्हटलं, "कुणा शहाण्याने केलंय गं हे? तीस वर्षं कोर्टाच्या फायली शिवल्या मी. सुईला पहिलं पान काय नि चारशेवं काय! सुई ओवायची, पान घालायचं, गाठ मारायची."

"आणि मध्येच दोरा तुटला तर?"

"तर ती फाइलच नव्हे. गाठीशिवाय साहेबांच्या टेबलावर जायची नाही. आणि पानं मोजल्याशिवाय गाठ नाही!"

हे शेवटचं मी जरा ओरडूनच बोलले असेन. पोरीने ते लगेच लिहून घेतलं.

तिने माझेच तीन हुकूम ठेवले: ओव, घाल, गाठ मार; प्रत्येक पानाला तोच एक 'घाल'. काल मोठ्या न्यायाधीशबाईंसमोर परीक्षा झाली. चारशे बारा पानांची फाइल. अर्ध्यात बाईंनी मुद्दाम वायर उपटली, तर अर्धवट फाइल कुठेही नाही! मग एक पान लपवून पाहिलं, तर कॉम्प्युटर गाठच मारेना. बाईंनी विचारलं, "हे कुणी शिकवलं?" सित्लालीने मला उभं केलं. मला, तिसरी नापास बाईला! टाळ्या पडल्या गं ताई, माझा अंबाडा सुटेपर्यंत मी मान हलवत होते.

घरी येऊन मात्र रडले. तुझ्या जमिनीच्या खटल्याच्या फायलीतलं नववं पान वकिलाने हरवलं नव्हतं. ते माझ्या डब्याच्या फडक्याखाली राहिलं होतं. न मोजता गाठ मारली मी. निकाल तुझ्याविरुद्ध लागल्यावर ते सापडलं, तेव्हा नोकरी जाईल म्हणून शिवणाच्या टोपलीत दडवलं. तू वकिलाला शिव्या देत गाव सोडलंस. मी बसपर्यंत तुझी पिशवी उचलून आले, पण तोंड उघडलं नाही.

सित्लालीला सगळं सांगितलं. तीच म्हणाली, "आजी, दोरा अजून तुझ्याच हातात आहे."

ये. समोर बसून शिव्या दे. तुझ्या आवडीचा मोलेचा रस्सा करून ठेवते.

पत्राची पानं दोन आणि तुझं नववं. मोजून घे.

तुझी धाकटी,
एदुविहेस