पाच तयार पोस्टकार्डं

४ मे, सकाळी
सूनबाई अंकिताने इलाला दहा दिवस हिंगणीजवळच्या एका शेतावर शिबिराला पाठवायचं ठरवलंय. नऊ वर्षांची पोर, पंचेचाळीस डिग्री ऊन, शेणाने सारवलेली जमीन, मोबाईल बंद. मला विचारलं नाही, कळवलं. मी एक शब्दही बोलणार नाही.

४ मे, दुपारी
बोलले. पाऊण तास. रजत मधेच आंघोळीला निघून गेला. माझाच मुलगा.

५ मे
बॅग मी भरली. काटा-चमचा, नॅपकिन, मच्छरदाणी, ग्लुकोज. अंकिताने निम्मं बाहेर काढलं. पाच पोस्टकार्डं मात्र तिला सापडली नाहीत. पत्ता माझा, आणि मजकूरही मीच लिहून दिला, कारण इलाचं अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात: 'डियर ग्रॅनी, आय ॲम नॉट हॅपी. प्लीज कम.' रडू आलं की एक टाकायचं. तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आहे. एक शब्द फालतू नाही.

६ मे
गेली. जीपमधून हसत हात हलवत होती. बिचारी, अश्रू लपवत होती.
संकल्प: रोज वाचन, चालणं, स्वतःसाठी वेळ.

७ मे
वाचन: पेपरातलं हवामान. हिंगणीचं वेगळं देत नाहीत.
स्वयंपाकाच्या अनुसयाबाई म्हणाल्या, "काऊन जी म्याडम, दोन गिलास दूध काऊन तापवाले सांगता? पोरगी तं शिबिराले गेली नं." म्हटलं, मला कॅल्शियम लागतं. मग दोन्ही प्यावे लागले.

९ मे
फाटकाशी सहज उभी होते. अकरा ते एक. पोस्टमन शेजारी थांबला, इकडे बघितलंही नाही. खात्याचा दर्जा घसरलाय.

१० मे, ११.४०
आलं! वाचताना डोळे भरून आले. 'आय ॲम नॉट हॅपी.' किती थोडक्यात, किती थेट! अक्षरसुद्धा एकाएकी वळणदार झालंय.
रजतला फोनवर वाचून दाखवलं. म्हणतो, "आई, हे तूच लिहिलंयस ना?" वकिली मुद्दे! लिहिलं कोणी हा प्रश्नच नाही. पेटीत टाकलं कोणी?
शेजारच्या प्रभाकररावांना गाडी काढायला लावली. सांगितलं, केळझरच्या गणपतीला जायचंय. मी कधी देवळात जात नाही, त्यामुळे ते घाबरून लगेच निघाले. वाटेत सेलू गाव आल्यावर त्यांना खरं सांगितलं.

१० मे, संध्याकाळी
शेताचे मालक अण्णाजी, वय पंच्याहत्तर तरी. फाटकातच अडवलं. "या जी बाई. पण इथं नियम हाय, येईन त्यानं पयले विहिरीतून एक बादली पाणी काढाचं." म्हटलं, मी पाहुणी आहे. म्हणाले, "म्हून तं लहान बादली देऊन राह्यलो." काढली. निम्मी साडीवर.
इला गोवऱ्यांच्या राखेतून रोडगे उकरत होती. काळेकुट्ट हात. माझा काटा वांग्याच्या रोपाला टेकू म्हणून रोवलेला. मला पाहून म्हणाली, "आजी, तू काऊन आली?"
काऊन! माझी नात!
कार्डाचं विचारलं. म्हणे, पहिल्याच दिवशी सगळ्यांना घरी पत्र लिहायला बसवलं. ज्याचं झालं त्याने विहिरीवर पोहायला जायचं. "माझं तर लिहूनच होतं नं. पहिली उडी मीच मारली."
घरी चल म्हटलं. म्हणाली, आज तिची भांड्यांची पाळी आहे.
परतताना प्रभाकरराव पार पिपरी गाव येईपर्यंत हसत होते. त्यांनी चार रोडगे खाल्ले. मी दोन. तिसरा आग्रहाखातर.

११ मे
इला सुखात असल्याची मी स्वतः जाऊन खात्री करून घेतली. जबाबदार माणसं असंच करतात. आजपासून एकच ग्लास दूध.

१४ मे, ११.५०
फाटकाशी सहज होते. दुसरं कार्ड.
माझंच अक्षर, पण वर लाल पेन फिरलेलं. 'नॉट' खोडलंय. 'प्लीज'पुढे मुंग्यांनी 'डोन्ट' घुसवलंय. खाली शेरा, मी तीस वर्षं मुलींच्या वह्यांवर मारला तोच: 'अक्षर सुंदर. मजकूर पुन्हा लिहिणे.'

१४ मे, दुपारी
पोस्टातून नवं कार्ड आणवलं. पुन्हा लिहिलं. मजकुरात बदलण्यासारखं काही सापडलं नाही. फक्त 'ग्रॅनी'च्या जागी 'इला' केलं.