आत्याबाईची जिरेमावली

आत्याबाई, जितेपणी तुमच्यापुढे मान वर करून कधी बोलले नाही. आता मेलेल्या माणसाला काय 'तुम्ही' म्हणायचं, 'तू'च म्हणते. सासू होतीस तेव्हा होतीस. परवा मी नागपूर पाहून आले. तुझी देवीही पाहून आले. तेच सांगायला बसले आहे. अक्षर वाकडंतिकडं येईल तर येऊ दे, माझी शाळा तिसरीपर्यंतची, आणि तुझी तर तेवढीही नव्हती.

नागपूरला मी आधी गेले नव्हते असं नाही. तुझ्या लेकाच्या आजारपणात गेले, पण दवाखान्याच्या जिन्यावर बसून शहर दिसत नाही, औषधाची पिशवी दिसते. सिंदीहून गाडीत बसलं की तासा-दीड तासाचं ते गाव, तरी आपल्या घरात नागपूर पाहिलेली बाई एकच, तू. दिराच्या लग्नाच्या लुगड्यांसाठी एकदा गेलीस आणि येताना देवी घेऊन आलीस. "नागपूरच्या मधोमध जिरेमावलीचं ठाणं हाय. साऱ्या रस्त्यांची मालकीण. लय कडक." मी नवी सून, मी काय विचारणार? तेव्हापासून उन्हाळ्यात कुरोड्यांचा गहू भिजत टाकला की तिचा नेम सुरू. तीन दिवस घराबाहेर पाऊल नाही, चुलीवर चीक शिजायला लागला की नागपूरकडं तोंड करून मूठभर जिरं टाकायचं आणि हात जोडायचे. मी जोडले. तू मेल्यावरही जोडले.

एका उन्हाळ्यात रोहण्याहून माझा भाऊ आला. दारातूनच म्हणाला, "बाई, माय काई राह्यत नाई आता. चाल." गहू दुसऱ्या पाण्यात होता. मी हात पुसून उठले तर तू चुलीपुढून हललीसुद्धा नाहीस. "जिरेमावलीचा गहू मधात टाकून उठली त घरातलं माणूस आंबते. चीक काढ, मंग जाय." भावानं चहा घेतला, माझ्याकडं पाहिलं आणि एकटा गेला. मी गहू वाटला, चीक गाळला, साचा दाबून खाट भरली, आणि मग यष्टीत बसले. रोहण्याला पोचले तेव्हा अंगण सारवलेलं होतं आणि मायचं लुगडं दोरीवर वाळत होतं. त्या वर्षी कुरोड्या मोगऱ्यासारख्या पांढऱ्या आल्या. शेजारणींना ताट पुढं करून तू म्हणत होतीस, "पाहा, मावलीची किरपा."

म्हणून मला जायचं होतं. मावलीच्या पायरीवर उभं राहून एकदा विचारायचं होतं, की बाई, तुझ्या गव्हापुढं माझी माय काय होती? आणि त्या गाऱ्हाण्यात, आत्याबाई, तुझं नाव घ्यायचं होतं, माहेरच्या आडनावासकट, म्हणजे देवीला माणूस चुकायला नको.

सोबत शेजारीण होती, तीच, जिला तू खिदळी म्हणायचीस. अजून खिदळते. म्हणाली, "चाल व, मरायच्या आधी नागपूर पाहू. तुले देवी, मले तर्री-पोहे." ठेल्यावर तर्रीनं तिच्या नाकाडोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी वरून आणखी मागून घेतली. मी पोहेवाल्याला जिरेमावली विचारली. त्यानं टेकडीचा गणपती सांगितला, कोराडीची देवी सांगितली, ही काही त्याला माहीत नव्हती. ऑटोवाला म्हणाला, "मौसी, जिरा तो किराने में मिलेगा." बर्डीच्या बाजारात लुगड्याच्या दुकानात विचारलं, फुलवालीला विचारलं. फुलवाली जुनी होती, म्हणाली, "जलम गेला इथं माहा, अशी देवी नाई आयकली." शेजारणीनं तेवढ्यात दोन गाऊन घेतले आणि मला म्हणाली, "मावली राहू दे. मेट्रोत बसू, अंगाले थंड त लागन."

सरकत्या जिन्यावर तिनं माझा पदर असा धरला की पिन तुटली. गाडीत खरंच गार होतं. खाली साऱ्या नागपूरची गच्ची दिसत होती, कोणाच्या पाण्याच्या टाक्या, कोणाची वाळवणं. एवढ्यात वरून बाईचा आवाज आला, पुढचं स्टेशन झिरो माईल. शेजारीण आधी हसली नाही. ओठ हलवत बसली. झिरो माईल, जिरो माईल, जिरेमाव... आणि मग असं हसली की कवळी हातानं धरावी लागली. "माय व! म्हातारीनं मैलाचा दगड पुजला! रिक्षावाला ओरडला असन आन् इनं बसल्या जागी हात जोडले असन!" समोरच्या कॉलेजच्या पोरीनं मोबाईलातून डोकं काढून समजावलं, "आजी, झिरो म्हणजे शून्य. इथून रस्त्यांचं अंतर मोजत होते म्हणे."

उतरलो. रस्त्याच्या कडेला एक खांब आहे, चार घोड्यांचे पुतळे आहेत. पायरी नाही, घंटा नाही, कुंकू नाही. साऱ्या रस्त्यांची मालकीण म्हणायचीस, तेवढंच खरं निघालं. शेजारणीनं हसू आवरलं, कारण मी हसत नव्हते. माझी माय एका चुकीच्या ऐकलेल्या शब्दापायी मला न पाहता गेली, आत्याबाई. देवीपायी गेली असती तर एक वेळ मी गिळलं असतं.

शेजारीण हळूच म्हणाली, "आता आली त सांगून टाक जे सांगाचं ते. घोडे आयकतीन."

मी तोंड उघडलं. आडनावासकट तुझं नाव घेतलं. पण पुढचं घोड्यांना काय सांगायचं?

ही चिठ्ठी कुठं टाकायची नाही. तू असतीस तरी तुला वाचता आली नसती, मीच मोठ्यानं वाचून दाखवली असती. सावकाश वाचली असती, मैलाच्या दगडापाशी थांबून तुझ्याकडं पाहिलं असतं. आणि आता खरं सांगते, शेजारणीलाही सांगितलं नाही. त्या खांबापुढं उभी होते तेव्हा मला माय आठवायला पाहिजे होती. पण मनात एकच आलं, की आत्याबाई पाच मिनिटं जिती पाहिजे होती. माझा तुझ्यावर जीव होता म्हणून नव्हे. तुझं तोंड पाहायला.