किलोभराच्या बाळांसाठी जुनेरं

आई, तू जिथे आया होतीस, त्या भांडुपच्या प्रसूतिगृहाच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. मागचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. तू तवा उपडा घालतेस, त्यावर कापड शेकतेस, गालाला लावून बघतेस. एकदा तिथे बाळंत झालेल्या शेजारणीच्या बाळासाठी मी हौसेने नवं झबलं आणलं, तर तू डाफरलीस, "गो, नवं बोचतं त्याला! आधी कुणीतरी वापरून मऊ करावं लागतं." मला रडू आलं. तू समजूत काढली नाहीस. तुला पुढचं बाळ गुंडाळायचं होतं.

आता मी रुग्णालयांतली यंत्रं दुरुस्त करते, बहुतेक नवजात बाळांना ऊब देणारे वॉर्मर. सुट्टीच्या दिवशी आमचा एक गट आफ्रिकेतल्या एका गरीब रुग्णालयासाठी सामान गोळा करतो. गेल्या वर्षी वॉर्मर पाठवले, मी स्वतः तपासलेले. तिथे वीज टिकत नाही. तिथल्या परिचारिकेने व्हिडिओ कॉलवर दाखवले, भिंतीला लावून ठेवलेले, बंद. वेळेआधी जन्मलेली बाळं गारठून दगावतात, म्हणून ती त्यांना आईच्या उघड्या छातीवर ठेवून कापडाने बांधते. कापड कमी पडतं, म्हणाली. सुती, मऊ, जुनं, एवढंच पाठवा.

विक्रोळीत आमच्या सोसायटीत सूचना लावली. पिशव्या आल्या. एकेक उघडून बघितली. नायलॉनचे फ्रॉक, जरीच्या कुंच्या, टिकल्यांची टोपरी, एका पिशवीत चांदीचे वाळेसुद्धा. सगळं बारशाला नेतात तसं, कोरं.

"काकू, जुन्या साड्या सांगितल्या होत्या ना?" तळमजल्यावरच्या काकूंना मी विचारलं.

"अगं, परक्या देशात आपली जुनेरं पाठवायची? काय म्हणतील ते?"

"किलोभराची बाळं आहेत. टोचेल त्यांना हे."

"तुला गं काय कळतंय बाळाचं? आधी लग्न तर कर!"

सगळ्यांनी मनापासून दिलं होतं. रागावणार कुणावर? दुसऱ्या दिवशी खोकी जायची होती. पुन्हा दारोदार फिरले, थोडी धोतरं मिळाली. मग तू गेल्यापासून बंद असलेली तुझी ट्रंक उघडली आणि तुझ्या साड्या फाडल्या. पट्टी लावून, मापाने. बाबा दारात उभे होते. "एक तरी ठेव गं," म्हणाले. ठेवली नाही.

काल परिचारिकेचा निरोप आला. कापडं पोचली. पहिल्यांदा ज्या मुलीला बांधलं, ती गेली. अंग गरम होतं, म्हणाली, पण श्वासच घेता येईना. त्याच कापडात गुंडाळून तिला घरी नेलं. गटातले विचारतात, पुढच्या खेपेला काय पाठवायचं? उत्तर मला माहीत आहे. वीज, प्राणवायू, डॉक्टर. यातलं काहीच खोक्यात मावत नाही. तरी आम्ही खोकी भरतो. का भरतो, ते मला कळेनासं झालं आहे.

कापडाचा रंग कुठला होता, असं परिचारिकेला विचारायला मी शब्द लिहिले आणि पुसून टाकले. ते तुझं नसावं, असं आधी वाटलं. मग वाटलं, त्या मुलीच्या अंगावर तुझंच असावं. हे मी बाबांना सांगितलेलं नाही.