मागचा चाप

ता. ११, सोमवार

आदरणीय विहीणबाईंना नमस्कार.

पत्राला फार उशीर झाला, माफ करा. बंदूक पोचल्याचा निरोप तेव्हाच द्यायला हवा होता. पण लिहायचं म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो. शाळेत चार इयत्ता झाल्या, त्यातली एक दोनदा. शिवाय टपालाने पाठवलं तर पत्र आधी जावईबापूंच्या हाती पडणार, म्हणून शिंपीणबाई इकडे यायची वाट बघत बसलो. तुमच्याकडे शिवलेले कपडे पोचवायला येतील तेव्हा त्या हे देतील. वाचून झालं की फाडून टाका.

इकडे ठीक आहे. गुडघा दुखतो. समोरच्या कुलूपवाल्याने दुकान विकलं, आता गल्लीत माझ्या एकट्याच्याच कानशीचा आवाज येतो. दुकानाला दोन कुलपं लावतो, घरी पोचलो की वाटतं एकच लावलं, मग परत जाऊन बघून येतो. तुमच्या डोळ्याचं काय ठरलं? अक्षर मोठं काढतोय ते त्याचसाठी.

आता बंदुकीचं. शिंपीणबाईंनी ती कापडाच्या गठ्ठ्यात आणली, नळ्या वेगळ्या, दस्ता वेगळा. म्हणाल्या, असलं माप मी आजवर घेतलं नव्हतं. तुमचा निरोपही सांगितला. एक चाप जड झालाय, एक हलका, दोन्ही सारखे करा, पण सावकाश करा, घाई नाही.

ही दुनळी मला नवी नाही. व्याही होते तोवर ती माझ्याकडेच यायची. तेव्हा पुढचा चाप झिजलेला असायचा. शिकारीला जाणाऱ्या कुणाचाही तोच झिजतो, कारण पहिला बार पुढच्या चापाने उडतो आणि काम झालं तर दुसऱ्याची गरजच पडत नाही. मागचा चाप वर्षानुवर्षं कोरा राहतो. मी चापाला वजनाचा काटा अडकवून दोन्ही बघायचो. पुढचा दोन किलोच्या ओढीला सुटायचा, मागचा त्याहून थोडा जड.

या वेळी पुढच्याला काटा अडकवून ओढतोय, ओढतोय, तो हलेना. उघडला तर आत तेल वाळून डिंक झालेला आणि गंज. हे समजण्यासारखं होतं. व्याही गेल्यापासून ती कुणी रानात नेलेलीच नाही, नळ्यांत मी लावलेलं जुनं ग्रीस तसंच होतं. पण मागचा चाप काटा टेकताच सुटला. आतला घोडा ज्या खाचेत अडकून बसतो, तिची कड झिजून आरशासारखी गुळगुळीत झाली होती.

एक काडतूस उडालं नाही आणि खाच एवढी झिजली. असं फक्त रिकामी बंदूक ओढून ओढूनच होतं. पुढचा गंजला म्हणून बोट मागच्यावर गेलं असणार. पण रिकामा चाप तरी माणूस रोज रोज कशासाठी ओढेल, विहीणबाई? मी मनाला सांगितलं, भिंतीवरच्या घड्याळावर नेम धरत असतील. काही माणसांचं पोरपण जात नाही.

आज इथेच थांबतो. हात भरून आलाय.

बुधवार

सोमवारी पत्र पुरं झालं नाही ते बरंच झालं. काल जावईबापू दुकानात येऊन गेले, आपल्या नातीला, भिंगरीला घेऊन.

तोवर बंदूक मी दुरुस्त करून ठेवली होती. तुम्ही सावकाश म्हणालात, पण काम पुढ्यात असलं की माझे हात गप्प बसत नाहीत. पुढच्याचा गंज काढला, त्याची खाच दगडावर घासून थोडी उथळ केली, मागच्याची कड पुन्हा धरून दिली. दोन्ही चाप व्याह्यांच्या वेळेसारखे झाले. मी आपला खूश.

जावईबापू म्हणाले, "मामा, बंदूक कुणाला विचारून ठेवून घेतलीत?" मी म्हटलं, तुम्हीच घरी चापाची तक्रार करत होता म्हणे, म्हणून विहीणबाईंनी पाठवली. त्यावर ते हसले. ते चिडले तर मला एवढं भय वाटत नाही. म्हणाले, म्हाताऱ्या माणसांनी चांगला कट केलाय. मी म्हटलं, शेवटचा हात फिरवायचा राहिलाय. तेवढ्यात सिगारेट आणायला कोपऱ्यावर गेले.

सवयीने मी बंदूक मिटवली, भिंतीकडे धरली आणि आवाज ऐकायला मागचा चाप ओढला. वळून बघतो तर पोर कपाटाला पाठ लावून उभी. हात अंगाशी सरळ, डोळे गच्च मिटलेले.

"मी हलले नाही ना, आजोबा?" म्हणाली.

"का गं? हललं तर काय होतं?"

"मग बाबा परत पहिल्यापासून करतात. आई हलत नाही. आजी आधी हलायची, आता तीपण नाही हलत."

विहीणबाई, हे मला लिहायचं नव्हतं. पोटच्या मुलाबद्दल आईला असं कुणी लिहू नये. पण तुम्हाला ते माहीत आहे आणि म्हणूनच तुम्ही बंदूक घराबाहेर काढलीत. घाई नाही म्हणजे काय, हे मला काल कळलं. मी मूर्ख, घासूनपुसून परत द्यायला निघालो होतो.

ते आल्यावर सांगितलं की आतली स्प्रिंग तुटलेली सापडली, शनिवारी या. शनिवारी मिळाली नाही तर चौकीवर जाईन म्हणाले. परवाना त्यांच्या नावावर आहे. मीही आज सकाळी चौकीवर जाऊन आलो. तिथला शिपाई म्हणाला, रिकामी बंदूक, त्यात घरातलं प्रकरण, बायकांनी स्वतः येऊन सांगितलं तर बघू.

काल जावईबापू गेल्यावर मी कानस घेतली आणि दोन्ही खाचा सपाट करून टाकल्या. आजवर माझ्या हातून काम बिघडलं असेल, मी मुद्दाम कधी बिघडवलं नव्हतं. आता घोडा कशातच अडकत नाही. दोन्ही चाप सारखे करा म्हणाला होतात, आता तंतोतंत सारखे आहेत.

पण शनिवारी ते कळायला त्यांना वेळ लागणार नाही आणि मग राग घरीच निघेल. बंदूक काय, दुसरी मिळते. आणि रिकामी, रिकामी म्हणतात, ते प्रत्येक वेळी उघडून बघतात का? माझ्या माहितीत जेवढी माणसं घरात बंदुकीने गेली, ती सगळी रिकाम्या बंदुकीने गेली.

मागे भिंगरीच्या शाळेच्या फाटकाशी लेक भेटली होती. मी म्हटलं, काही असेल तर निघून ये. ती म्हणाली, "बाबा, मी येईन. पण आईंना त्या घरात एकट्या टाकून कशी येऊ?" मी तिच्यावरच ओरडलो. म्हटलं, सासूचं एवढं काय कौतुक. ती भिंगरीचं बोट धरून निघून गेली.

म्हणून सांगतो, तुम्हीसुद्धा या. तुम्ही निघाल्याशिवाय ती निघणार नाही. मागची खोली रिकामी केली आहे, आतून कडी आहे, ती मी स्वतः बसवली. विहीण व्याह्याच्या घरी राहायला आली म्हणून लोक नाकं मुरडतील, मुरडू देत. माझं घोरणं मोठं आहे, एवढाच त्रास. शुक्रवारी जावईबापू कामावर गेले की तिघी निघा. सामान घेऊ नका, औषधं तेवढी घ्या. शिंपीणबाई बरोबर राहतील. इथून आपण सगळे मिळून चौकीवर जाऊ.

तुम्ही नाही म्हणालात तर काय करायचं, ते मला सुचलेलं नाही. आई आहात, तुम्हाला काय वाटत असेल ते मी कोण सांगणारा.

शिंपीणबाई उद्या दुपारी तुमच्याकडे असतील. त्यांच्यासमोर मान हलवलीत तरी पुरे. पण तेवढं उद्याच कळवा, विहीणबाई, परवावर टाकू नका.

तुमच्या सुनेचा बाप