केसांनी घ्यायचा सूड

१० फेब्रुवारी १९७४, रविवार

आजपासून रोजनिशी. सूड घ्यायचा तर राग ताजा राहिला पाहिजे, म्हणून लिहून ठेवतो.

काल संध्याकाळी शेजारच्या आळीत हळद होती. नवा टेरीकॉटचा शर्ट घालून गेलो. मांडवात पाय ठेवला आणि लडकू मोठ्याने म्हणाला, "सावळाराम आला. आता पेट्रोमॅक्स विझवा, उगाच रॉकेल जळतंय." सगळा मांडव हसला. अंबाडीहून आलेले पाहुणे हसले. त्यांच्यातली काशीपण हसली. या काशीशी माझं जमवायचं आईच्या मनात आहे.

लडकू माझा सख्खा चुलत भाऊ. भिंतीला भिंत लागून घर. वय तेच, आजोबा तेच, टेमघरच्या विहिरीचं पाणी तेच. त्याच्या डोक्यावर रान माजलंय, कानापुढे कल्ले वाढलेत. माझं कपाळ मात्र दरवर्षी मागे सरकतंय.

टक्कल नाही, हे इथे स्पष्ट लिहितो. फक्त पुढचा आणि मधला भाग विरळ आहे. मागून मी पूर्ण आहे.

लडकूचं लग्न मे महिन्यात. त्या मांडवात दाट केसांनी उभा राहीन, सगळ्यांदेखत भांग पाडीन, एक अक्षर बोलणार नाही. त्याचं तोंड बघायचं, बस.

११ फेब्रुवारी, सोमवार

सलूनमध्ये गेलो. म्हटलं, जरा स्टाईलमध्ये काप. न्हावी कैची हातात घेऊन म्हणाला, "पहले ढूँढ तो लूँ, साहब." बाकावरचे लूमवाले हसले.

यालाही मेमध्ये बघून घेईन.

१६ फेब्रुवारी, शनिवार

शेठच्या पेढीवरून सुटलो तो थेट दवाखान्यात. डॉक्टर व्हिजिटला गेले होते, ते बरंच झालं. कंपाउंडर रघूने सगळं शास्त्र समजावलं. केस हे हाडाचं पीक. हाडात कॅल्शियम नाही तर डोक्यावर केस नाही. पण नुसतं कॅल्शियम आळशी असतं, त्याला हुकूम द्यायला हार्मोन लागतं. हार्मोन म्हणजे मुकादम. मुकादम नसेल तर मजूर बसून विड्या ओढणार.

पटलं. इतकं सोपं या भिवंडीत कोणाला सुचलं नाही.

कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या आणि मलमाची एक ट्यूब. ट्यूबवरचं नाव खरवडलेलं. का, म्हणून विचारलं. म्हणाला, बाहेरचा माल आहे, कोणाला दाखवू नका. मी कशाला दाखवतोय? लडकूला कळलं तर तोपण लावेल.

१७ फेब्रुवारी, रविवार

आईला सांगितलं, आजपासून म्हशीचं दूध हॉटेलात घालायचं नाही, मी पिणार. आई म्हणाली, "म्हस घराची हाय, तुझ्या एकल्याची न्हाय." मी विषय केसांचा आहे म्हटल्यावर म्हणाली, "तुझा बा टकलाच व्हता. त्याचं काय अडलं?"

बाबांचं अडलं नाही, कारण त्यांच्या वेळी लडकू नव्हता. हे आईला सांगून उपयोग नाही.

तांब्याभर दूध प्यालो. शेवटचा घोट लडकूच्या नावाने.

२ मार्च, शनिवार

रघूने कॅल्शियमचं इंजेक्शन नसेतून दिलं. सगळ्या अंगातून गरम वाफ गेली आणि कानांतून बाहेर पडली. केसांच्या मुळांपर्यंत पोचल्याचं मला स्वच्छ कळलं. नंतर बाकावर आडवा पडलो होतो. रघू म्हणतो चक्कर. मी म्हणतो असर.

६ मार्च, बुधवार

चुन्यातही कॅल्शियम असतं हे आठवलं. मग गोळ्या कशाला मोजून खायच्या? पानवाल्याकडून चुना घेतला आणि सुपारीएवढा गोळा जिभेवर ठेवला.

जीभ सोलली. आई पेज भरवतेय. पेढीवर बोलता आलं नाही. शेठ खूश आहेत. म्हणाले, आज पहिल्यांदा काम दिसलं.

दुपारी ओटीवर लडकू आला. विचारत होता, तोंड का सुजलंय, डॉक्टरकडे नेऊ का सायकलवरून. वरवरची माया. आतून मजा बघत असणार.

१० मार्च, रविवार

अंबाडीहून निरोप आला. काशीचे वडील येतो म्हणतात, बोलणी करायला. ताई तर आनंदाने माहेरी धावत आली. मी सांगितलं, मेनंतर. आई म्हणाली, "लोक आपल्या पायानं येतात आनि तू दार लावतोस?" मी काही ऐकलं नाही. हसली ना ती? मग थांबू दे. केस घेऊन मीच जाईन अंबाडीला, मग कळेल कोणाला हसली ते.

ताई निरोप घेऊन गेली. जाताना माझ्याशी बोलली नाही. तिचंही मेमध्ये.

७ एप्रिल, रविवार

रिझल्ट दिसायला लागला. छाती भरतेय. आरशात बाजूने बघितलं तर तालमीतल्या गड्यासारखी. जरा हुळहुळते, पण वाढणारी गोष्ट हुळहुळणारच. कॅल्शियमचा साठा आधी छातीत होतोय. छाती भरली की वर चढेल. पाटाचं पाणीसुद्धा आधी खालची खाचरं भरतं.

रोज दोनदा मलम. आता रात्रीसुद्धा टोपीखाली थापून ठेवतो.

आई म्हणाली, "अंग कसं बाळंतिणीवानी आलंय." जुन्या लोकांना पर्सनॅलिटी कळत नाही.

१४ एप्रिल, रविवार

लग्नासाठी बुशशर्ट शिवायला टाकला. मास्टरने छातीचं माप घेतलं. परत घेतलं. मग दुकानातला पडदा ओढून हळू आवाजात विचारलं, "साहब, टक्स डालूँ क्या?" नवी फॅशन असेल. हो म्हटलं.

लडकूने साधा कुर्ता शिवायला टाकलाय. फरक आत्ताच दिसतोय.

२८ एप्रिल, रविवार

काल पाठीतून असा काही जोर आला की पेढीवरच वाकडा झालो. दवाखान्यात या वेळी नेमके डॉक्टर स्वतः. म्हणाले, इतका चुना आणि गोळ्या कोणी खायला सांगितल्या, मुतखडा करून घ्यायचाय का? मग शर्ट वर करायला लावला. छाती दाबून बघितली. विचारलं, काय लावता?

खिशातली ट्यूब दाखवावी लागली. त्यांनी वास घेतला, रघूला हाक मारली. रघू तोपर्यंत पायऱ्या उतरला होता. डॉक्टर म्हणाले, हे बायकांच्या हार्मोनचं मलम आहे, पाळी जायच्या वयात देतात. आजच्या आज बंद करा. छाती उतरायला काही महिने लागतील. केस याने आले नाहीत, येणारही नाहीत.

घरी येऊन ओटीवर बसलो. मग विचार केला. बायकांचं मलम. बरोबर. आणि बायकांचे केस केवढे असतात? कमरेपर्यंत. टक्कल पडलेली बाई आख्ख्या टेमघरात दाखवा. म्हणजे औषध बरोबरच होतं, डॉक्टरला चिडायला वेगळं कारण असणार. त्यांच्याही डोक्यावर फार काही नाही.

आजपासून तीनदा.

५ मे, रविवार

केस यायला सुरुवात झाली आहे, पण आतून. लग्नापर्यंत बाहेर पडतील असं वाटत नाही.

तेव्हा प्लॅन बदलला. माझं पीक वेळेत येत नसेल तर त्याचं कापायचं. बाजारात बायकांची केस काढायची पावडर मिळते. लग्नाच्या सकाळी लडकूचं डोकं शिकेकाईने धुणार. शिकेकाईचा डबा त्यांच्या मोरीत असतो, आणि त्यांच्या मोरीचं दार कधीच बंद नसतं. मुंडावळ्या बांधायला आलेल्या मामाला बांधायला काही सापडता कामा नये.

बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

११ मे, शनिवार

संध्याकाळी सगळे मांडवात असताना पावडर मिसळली. कुजक्या अंड्यासारखा वास येतो. वरून थोडी कापूरकाचरी टाकली. काम फत्ते.

हळदीत लडकू माझ्या गळ्यात पडून नाचला. मला छातीला लागलं, पण मी हसलो. उद्या बघू.

१२ मे, रविवार. सकाळ

काय झालं ते लिहितो.

पुतळाकाकू, म्हणजे लडकूची आई, म्हणाली की नवरदेवाबरोबर पाटावर भाऊ बसवायचा, रीत हाय. मी मागे सरलो. चार बायकांनी धरून बसवलं. मी म्हटलं, आधी नवरदेवाला घाला. तर लडकूचं पाणी कढत होतं, विसणाला कळशी आणायला कोणीतरी गेलं होतं. काकू म्हणाली, तोवर याचं उरकते. आणि मायेने चोळलं. असं चोळलं की कानामागेसुद्धा ठेवलं नाही.

मला ओरडता आलं नाही. काय म्हणून ओरडणार?

पंच्याने पुसलं तर सगळे केस पंच्यात. मागचेसुद्धा. मागून मी पूर्ण होतो.

काकूने किंकाळी फोडली आणि डबा गटारात पालथा केला. लडकू तसाच ओल्या पंच्यावर धावत जाऊन न्हावी घेऊन आला. उरलेल्या बटा न्हाव्याने काढल्या, डोकं गुळगुळीत केलं. तोवर लडकू माझा हात धरून बाजूला बसून होता. म्हणाला, "सावळ्या, माझ्यावरचं तू डोक्यावर घेतलंस." त्याला वाटतंय दुकानदाराने शिकेकाई खराब दिली.

त्याच्या डोक्यावरचा एक केस हलला नाही.

१२ मे, रात्री नऊ

वऱ्हाड ट्रकमधून अंबाडीला गेलं. टोपी घालणार होतो, आईने काढायला लावली, भाजलेल्या कातडीला वारा लागू दे म्हणून. नवरदेवाच्या शेजारी मी उभा.

आधी मुलीकडच्या दोन म्हाताऱ्या माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावून बसल्या. मग कुजबुज. मग नवऱ्या मुलीचा, गोदूचा, मामा बाळाराम पुढे आला आणि लडकूच्या वडिलांना, तुळशीरामकाकांना, विचारलं, "तुमच्या घरात कोन गेलं?" काका म्हणाले, कोणी नाही. "मंग हा भाऊ डोकं भादरून कशाला आलाय? सुतक लपवून आमची पोर नेता?" भटजींनी हातातल्या अक्षता ताटात परत ठेवल्या. सुतक फिटल्याशिवाय आत येऊ नका, असंही कोणी म्हणालं. वाजंत्री थांबली.

इथे खरं लिहितो, कारण हे कोणी वाचणार नाही. मला बरं वाटलं. मी बोट उचललं नव्हतं आणि लग्न मोडत होतं. नुसतं गप्प राहायचं होतं.

मी लडकूकडे बघितलं, त्याचं तोंड बघायला. बाळाराममामा त्याला खांद्याला धरून हलवत होता, बोल म्हणत होता. लडकूला सकाळचं सगळं माहीत होतं. एका वाक्यात सुटला असता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. म्हणाला, "घरात कोनी गेलं न्हाय. एवढंच सांगीन. बाकी त्याचं तो जानं." मामाने त्याला खोटारडा म्हटलं, भर मांडवात. तरी गप्प. मला लाज वाटू नये म्हणून.

पलीकडे गोदू रडायला लागली होती.

मी लाऊडस्पीकरवाल्याच्या हातून माईक घेतला. आईने कोपर मारलं म्हणून घेतला, नाहीतर मी घेणार नव्हतो. म्हटलं, मी सावळाराम, कोणी मेलेलं नाही. माझे केस औषधाने गेले. पुढचे आधीपासून जात होते, बाकीचे आज गेले. कसलं औषध, म्हणून मागून कोणीतरी विचारलं. म्हटलं, केस यायचं.

मांडव हसला. आवाज पार वडप्याच्या रस्त्यापर्यंत गेला असेल. भटजी हसले, बाळाराममामा हसला, रडता रडता गोदू हसली. मग वाजंत्री सुरू झाली आणि अक्षता पडल्या. बऱ्याचशा माझ्या डोक्यावर पडल्या. चिकटल्या नाहीत.

लडकू मात्र हसला नाही. मी बारकाईने बघत होतो.

१३ मे, सोमवार

मलम टाकून दिलं. सूड तहकूब. माघार नव्हे.

१९ मे, रविवार

काशीचे वडील आले. भाऊ म्हणतात त्यांना सगळे. मी आत जाऊन गंजीफ्रॉकवर गंजीफ्रॉक घातला, वर शर्ट घातला आणि सरळ बसलो. मेमधलं लग्न उरकलं होतं, म्हणजे ठरल्याप्रमाणे बोलणीच असणार. मनातून काशीला माफ करून टाकलं होतं.

भाऊ म्हणाले, मांडवात खरं बोललात, बरं वाटलं, म्हणून मुद्दाम आलो. मग पानाचं ताट पुढे असूनही पान न लावता म्हणाले, मार्चमध्ये आम्ही होकार घेऊनच येणार होतो. पोरीला तुम्ही पसंत होता. फेब्रुवारीतल्या हळदीत तुम्ही शर्टाचं बटण खालीवर लावून आला होता, त्याला ती हसली होती. आमच्यात तिचा आजा टकला, मी टकला, तिला त्यात काय वाटायचंय? पण तुम्ही मेनंतर म्हणालात, आम्हाला वाटलं मन नाही. पुढच्या आठवड्यात तिची सुपारी फोडतोय, आमंत्रण द्यायला आलो.

आईने पान लावायला घेतलं. मला काहीतरी विचारायला पाहिजे होतं, म्हणून विचारलं, मुलगा कुठला.

म्हणाले, वडप्याचा. शांत हाय, मन लावून शेती करतो.

मग माझ्या डोक्याकडे बघून, समजूत घालावी तसे म्हणाले, "केस त्यालापन न्हाईत."